लेखणीचा हक्क

यंदाचा दिवाळी अंक वाचकांच्या हाती देताना, एके काळी ज्याच्या नाटकांनी युरोपातील रंगभूमी व्यापली होती आणि आज ज्याचे नाव बहुधा वाङ्मयेतिहासातच भेटते, त्या यूजेन स्क्रीब या फ्रेंच नाटककाराचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

पॅरिसमधील एका रेशीमव्यापाऱ्याच्या घरी 1791 साली जन्मलेला, कायद्याच्या अभ्यासाला घातला गेलेला व तो सोडून नाटकाच्या नादी लागलेला हा गृहस्थ, आरंभीची कित्येक नाटके पडली तरी खचला नाही. 1861 साली घोडागाडीतून जात असता त्याने देह ठेवला, तोवर एकट्याने व सहकाऱ्यांच्या जोडीने लिहिलेल्या चारशेहून अधिक कृती त्याच्या नावावर जमा होत्या, आणि पुढे निघालेले समग्र वाङ्मय 76 खंडांचे भरले.

या विपुलतेपायी टीकाकारांनी त्याला कारागीर म्हणून हिणवले. आम्हांला मात्र ती कारागिरीच वंदनीय वाटते. ‘पेलाभर पाणी’ या 1840 च्या नाटकात इंग्लंडची राणी ॲन भर दरबारात पाणी मागते. सभोवारच्यांना ती तहान वाटते, परंतु ती एका तरुण अधिकाऱ्यासाठी ठरलेली खूण आहे हे, त्याच तरुणावर जीव जडलेल्या मार्लबरोच्या डचेसला ठाऊक असते, आणि त्या मत्सराच्या ठिणगीतून सत्तापालट होऊन युद्ध तहाच्या वाटेला लागते. नॉर्वेतील बर्गेनच्या नाट्यगृहात उमेदवारी करताना नाटककार इब्सेनने स्क्रीबची नाटके जवळून हाताळली होती. त्याच्या ‘अ डॉल्स हाऊस’ या नाटकात, नायिका नोराच्या घरातील कुलूपबंद पत्रपेटीवर ती तालीम स्पष्ट दिसते, आणि अनंत काणेकरांनी केलेल्या त्याच नाटकाच्या ‘घरकुल’ या रूपांतरातून स्क्रीबच्या घराण्याचा वारसा मराठी प्रेक्षकांपर्यंतही आला.

परंतु याहून मोठे ऋण निराळेच आहे. हलक्याफुलक्या नाटकांच्या लेखकाला ठोक रकमेवर वाटेला लावण्याचा शिरस्ता असताना, स्क्रीबने उत्पन्नातला हिस्सा करारात मागून घेतला. 1829 साली नाटककारांची संस्था उभी करण्यात तो पुढे होता. आणि सहकाऱ्याचे नाव आपल्या नावाशेजारी छापण्यात त्याने कमीपणा मानला नाही. लेखकाने पैशाची गोष्ट बोलू नये, हा संकेत आपल्याकडे अद्याप सोज्ज्वळ समजला जातो. तो आम्हांस सर्वथैव अमान्य आहे.

या अंकातील लेखकांचे मानधन, मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वीच, ज्याचे त्यास पोहोचते झाले असून पावत्या दप्तरी दाखल आहेत.