सूर्यास्तापूर्वीची मजुरी आणि महाविद्यालयाचा खर्च

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात अतिवृष्टीने सीना नदीला पूर आला आणि परंडा, भूम या तालुक्यांतील गावे पाण्याने वेढली गेली. अडकलेल्या माणसांना सोडवण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. धाराशिव जिल्ह्याचे नाव तेव्हा काही दिवस सर्वांच्या तोंडी होते. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. पिके, खरवडून गेलेली जमीन, वाहून गेलेली जनावरे यांचे पंचनामे झाले. एका नुकसानीचा पंचनामा मात्र कोणत्याही कागदावर येत नाही. त्या महिन्यात शेतात उभे असलेले सोयाबीन हा अनेक घरांतील मुलामुलींच्या शिक्षणाचा वर्षाचा खर्च होता. जूनमध्ये उसनवारी करून प्रवेश घ्यायचा आणि दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची रास झाली की उरलेली फी, खोलीचे भाडे व खानावळीची बाकी भागवायची, असा या भागातील रिवाज आहे. रास पाण्यात गेली की महाविद्यालयाचे वर्षही तिच्यामागे वाहून जाण्याचा धोका असतो.

प्रिय वाचकहो, पुराची बातमी ओसरली. पण जी कुटुंबे पूर नसतानाही हातातोंडाची गाठ घालताना थकून जातात, त्यांचा प्रश्न ओसरलेला नाही. अपुऱ्या मजुरीवर जगणाऱ्या घरातील मुलाला पदवीपर्यंत पोहोचणे इतके अवघड का होते, याचा हिशेब आज आपण शांतपणे मांडून पाहू या.

मिळकत किती?

धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला जिल्हा. १९८२ मध्ये लातूर त्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीम यांच्याबरोबर याच जिल्ह्याची निवड झाली. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे १६ लाख ५७ हजार. त्यांपैकी पाचातील चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहणारी. पाऊस बेभरवशाचा, मोठे कारखाने थोडे, आणि म्हणून रोजगार एक तर शेतीत, नाही तर गाव सोडून.

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात देशाला दिली. त्याच कल्पनेतून उभ्या राहिलेल्या केंद्रीय योजनेत २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एखाद्या कुटुंबाला शंभर दिवस पूर्ण काम मिळाले असे धरले, तरी वर्षाचे ३१,२०० रुपये होतात. दुसरा मार्ग ऊसतोडीचा. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनामागे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. नवरा-बायको मिळून होणाऱ्या एका 'कोयत्या'ने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर दोघांच्या पदरी सुमारे ७३० रुपये पडतात. मात्र ही रक्कम हातात येत नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून ती वळती होते. तिसरा आधार सोयाबीनचा. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. परंतु बाजारात तो मिळेलच याची खात्री नसते, आणि कोरडवाहू जमिनीत एकरी सहा-सात क्विंटल उतारा पडला तर शेतकरी देवाचे आभार मानतो. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि काढणी वजा करावी लागते.

खर्च किती?

विद्यार्थ्याला जगायला किती पैसे लागतात, हे ठरवण्यासाठी आपण अंदाज बांधण्याची गरज नाही. सरकारनेच तो आकडा दिलेला आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्यात २०१७ च्या आरंभी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिकांच्या शहरांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये, अशी तिची रचना आहे. या रकमेत फी नाही, चैन तर नाहीच. ही केवळ राहण्या-जेवण्याची किंमत आहे.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. रोजगार हमीवर शंभर दिवस राबणाऱ्या कुटुंबाची त्या कामाची वर्षाची पूर्ण कमाई ३१,२०० रुपये आणि जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्या त्यांच्या एका मुलाचा नुसता निर्वाह ४३,००० रुपये. घरातील बाकीच्यांनी वर्षभर काय खायचे, हा प्रश्न या वजाबाकीत अजून आलेलाच नाही.

फी माफ, पण खर्च कायम

'आता शिक्षण मोफतच आहे, मग अडते कुठे?' असा प्रश्न सुखवस्तू मंडळी विचारतात. त्यात अर्धे सत्य आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हा निर्णय स्वागतार्हच आहे. दुष्काळ किंवा पूर आला की परीक्षा शुल्क माफ करण्याची प्रथाही जुनी आहे. परंतु गरीब मुलाच्या एकूण खर्चात फी हा बहुधा लहान भाग असतो. एसटीचा पास, खोली, खानावळ, पुस्तके, इंटरनेट आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तीन वर्षे घरात न आलेली त्याची मजुरी, हा खरा खर्च होय. कमावत्या वयाचा मुलगा वर्गात बसतो, तेव्हा त्याचे घर रोज एक मजुरी सोडून देत असते.

शिष्यवृत्ती ही पोकळी भरून काढील, अशी अपेक्षा असते. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२०-२१ पासूनच्या सुधारित नियमांनुसार साध्या पदवी अभ्यासक्रमासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मिळणारा वार्षिक भत्ता वसतिगृहात राहिल्यास ६,००० रुपये आणि घरून ये-जा केल्यास ३,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला पाचशे आणि अडीचशे. दात कोरून पोट भरत नाही, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे.

रक्कम अपुरी आहेच, पण तिची वेळ त्याहून अधिक अडचणीची आहे. २०१७-१८ मध्ये शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर नेण्यात आले, तेव्हा पहिल्याच वर्षी ती यंत्रणा कोलमडली आणि असंख्य विद्यार्थी ताटकळले. पुढे यंत्रणा सुधारली, तरी पैसे वर्ष संपताना किंवा संपल्यावर हाती येण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. खानावळवाला मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे मागतो. वरातीमागून आलेले हे घोडे कर्ज फेडण्यास उपयोगी पडते. कर्ज टाळण्यास नाही.

तुळजापूरचा धडा

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण याच जिल्ह्यात घडले. १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा एक परिसर तुळजापूरला आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह व भोजनाच्या शुल्कात दिली जाणारी सवलत बंद करण्याचे संस्थेने ठरवले. इतर मागासवर्गीयांची सवलत त्याआधीच गेली होती. सरकारकडून येणे असलेल्या रकमा वेळेवर येत नाहीत आणि तूट सोसवत नाही, अशी प्रशासनाची बाजू होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला.

या संघर्षात ज्ञानाचे दार कोणी उघडपणे बंद केलेले नव्हते. प्रवेश होता, आरक्षण होते, शिष्यवृत्तीही होती. वाद भोजनाच्या व खोलीच्या पैशांवर झाला. सरकारचा पैसा उशिरा आला, त्याचा भार संस्थेवर पडला, आणि संस्थेने तो भार विद्यार्थ्यावर टाकला. साखळीतील शेवटचा माणूस सर्वांत दुबळा असतो, आणि भार त्याच्याकडेच सरकत जातो.

वर्गात शिकवणारेही या साखळीतून सुटलेले नाहीत. रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकांना २०२२ च्या सुधारित दराने पदवी वर्गासाठी तासाला ९०० रुपये ठरले. आठवड्याला नऊ तासांची मर्यादा आणि सुटीच्या महिन्यांत काहीच नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे नेट-सेट होऊन, पीएच.डी. मिळवूनही त्यांना घर चालवताना काय यातायात करावी लागते ते कळते. 'शिकून काय झाले?' हा खेड्यातल्या बापाचा प्रश्न अशा उदाहरणांतूनच जन्म घेतो.

कमवा आणि शिका, कालचे व आजचे

'आम्हीही काम करूनच शिकलो' असे वडीलधारी माणसे सांगतात. त्यांचा अनुभव खरा आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभारले आणि १९४७ मध्ये तेथेच 'कमवा व शिका' तत्त्वावर महाविद्यालय काढले. पण त्या योजनेत मुलाचे श्रम आणि मुलाचे अन्न एकाच छताखाली होते. तो राबला की त्याचे शिक्षण व जेवण दोन्ही भागत असे. आज त्याच नावाच्या विद्यापीठीय योजना चालतात. पुणे विद्यापीठात त्या कामाचा दर कित्येक वर्षे तासाला ४५ रुपये होता. रोज तीन तास काम करून महिनाअखेर तीन-साडेतीन हजार रुपये मिळाले, तर त्यात पुण्यातील खोली आणि खानावळ दोन्ही बसत नाहीत.

म्हणून मुले रात्री घरोघरी जेवण पोहोचवतात, मंगल कार्यालयांत वाढपी होतात, मेडिकलच्या दुकानात उभी राहतात. या कामात कमीपणा नाही. परंतु दिवसाचे आठ-दहा तास कामात गेल्यावर अभ्यासाला डोळे उघडे राहत नाहीत. मग निकाल घसरतो, आणि निकाल घसरला की शिष्यवृत्तीही अडते.

आपल्या घरातील प्रश्न

मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित कुटुंबांतून आलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला गेला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती व मुस्लिम दलित बाहेरच राहिले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांची गणना इतर मागासवर्गात होते. परिणामी एकाच गावात, एकाच वस्तीत, एकाच बांधावर राबणाऱ्या दोन मजुरांच्या मुलांपैकी एकाला स्वाधार मिळते, दुसऱ्याला नाही. इतर मागासवर्गीयांसाठी त्याच धर्तीवर आधार योजना आली ती सात वर्षांनंतर, आणि तीही जिल्ह्याला सहाशे विद्यार्थ्यांच्या मर्यादेत. आपल्या अनेक पालकांना ती ठाऊकही नाही.

काय करता येईल?

मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला आहे, असा दंडक अनुवादाच्या पुस्तकात (२४:१५) आहे. त्या आज्ञेत रकमेइतकेच वेळेला महत्त्व आहे. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपण हे नाव मुख्यतः त्या स्मरणार्थ घेतल्याचे सांगितले. ही शिकवण आपल्या दारापर्यंत आणायची असेल, तर तीन गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत.

पहिली, प्रत्येक धर्मग्रामात शिष्यवृत्ती येईपर्यंत बिनव्याजी उसने देणारा एक छोटा निधी असावा. तो दान म्हणून देऊ नये. शिष्यवृत्ती आली की मुलाने ती रक्कम परत करावी आणि पुढच्या मुलाने घ्यावी. अशाने त्याचा स्वाभिमानही राखला जाईल. दुसरी, जून-जुलैच्या रविवारी मिस्सानंतर सुशिक्षित तरुणांनी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला व अर्ज भरण्यास मदत करावी. कितीतरी मुलांची शिष्यवृत्ती गरिबी सिद्ध न करता आल्यामुळे जाते. तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्या घरी, दुकानात, शेतात, आणि आपल्या संस्थांतही, जे काम करतात त्यांना आपण किती देतो आणि केव्हा देतो, याचा हिशेब आपण स्वतःच तपासावा. त्यांच्यापैकी कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी आज महाविद्यालयात असेल.

सरकारकडे निर्वाहभत्ता महागाईशी जोडण्याची आणि तो सत्राच्या आरंभी देण्याची मागणी आपण करू, करायलाच हवी. पण परंड्याच्या एखाद्या घरात ज्याची रास वाहून गेली, त्या बापाला आयोगाच्या अहवालाची वाट पाहता येत नाही. त्याच्या मुलीच्या खानावळीचे पैसे या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यायचे आहेत.