दोष सरसकट नॅनोकणांना नको



‘औषधांतल्या नॅनोकणांमुळे रक्त गोठते’ या आशयाचे पत्र गेल्या अंकात वाचले. काळजी रास्त आहे. पण सगळे कण एकाच माळेचे मणी नव्हेत.

पृष्ठभागाने काय फरक पडतो, याचे ओळखीचे उदाहरण पाहा. पाबळसारख्या भागात घोणस चावण्याची भीती नेहमीचीच. साप चावलेल्या रुग्णाचे थोडे रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करून पाहतात. रक्त पातळच राहिले तर विष भिनले. ही नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चालत नाही. कारण काचेच्या ऋणभारित पृष्ठभागामुळे रक्तातला गोठण्याचा बारावा घटक जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते.

नॅनोकणांतही पृष्ठभागच निर्णायक. उघडी सिलिका गोठण्याला चालना देते, काही धनभारित कण प्लेटलेट एकमेकींना चिकटवतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण दिले की कणांवर प्रथिने कमी बसतात. मात्र या आवरणाविरुद्धही काहींच्या शरीरात प्रतिपिंडे असतात, हे लपवू नये.

त्या पत्रातला कोव्हिशिल्ड या कोविड लशीचा दाखला इथे गैरलागू आहे. ती विषाणूवाहक लस. तिच्यानंतरच्या अतिविरळ गुठळ्यांचा संबंध पीएफ४ या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांशी आहे.

गरोदर बायांना शिरेतून देतात ते आयर्न सुक्रोजही साखरेच्या आवरणातले लोहाचे नॅनोकणच. अर्धवट माहितीवरून कुणी ते नाकारू नये. शंका असेल तर डॉक्टरांना जरूर विचारावे.

– एक वाचक, पाबळ (ता. शिरूर)