गोचीड आणि सरकारी दफ्तर

शिकारकथांतून बिबळ्याची झेप आणि रानडुकराची मुसंडी यांची रसभरित वर्णने विपुल सापडतात; परंतु गवतात तासन् तास दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याच्या पोटरीवर चढून, त्याला यत्किंचितही सुगावा लागू न देता त्याचेच रक्त शोषणाऱ्या गोचिडाला त्या वाङ्मयात क्वचितच स्थान मिळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची हौस गुन्ह्याच्या सदरात गेली, १९७९ साली सोलापूरलगतच्या नान्नजच्या माळावर माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, आणि काळविटामागे बंदूक घेऊन हिंडणारे हौशी लोक दिसेनासे झाले. गवत मात्र राहिले, गवतातले गोचीड राहिले, आणि पोटासाठी तेथे वावरणारा मेंढपाळ, गस्तीवरचा वनरक्षक, चारा कापणारी बाई हेही राहिले. यांच्या संरक्षणाची जबाबदारी कोणत्या खात्याची, असे विचारले तर समाधानकारक उत्तर मिळत नाही, कारण आपल्या सरकारदरबारी गोचीड हा निव्वळ जनावरांचा मामला समजला जातो.

ही समजूत टिकण्याचे वास्तविक काहीच कारण नव्हते. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली व पाठोपाठ माणसेही तापाने आजारी पडली, तेव्हा गोचिडांमार्फत पसरणाऱ्या त्या विषाणूचा शोध पुण्याच्याच विषाणू संशोधन केंद्राने लावला; पुढे त्याच माकडतापाने २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गाठले. गुजरातेत २०११ साली आढळलेला क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापही गोचिडाशीच निगडित होता. सोलापूरचा कोरडा माळ म्हणजे क्यासनूरचे घनदाट अरण्य नव्हे, तेव्हा माकडतापाचा बागुलबुवा येथे उभा करण्यात अर्थ नाही. आपल्याला अधिक जवळचा आहे तो कुत्र्याच्या अंगावरील गोचिडामुळे होणारा टायफस. आणि कुत्र्याशिवाय मेंढरांचा कळप कधी कोणी पाहिला आहे काय? तीव्र ताप, असह्य डोकेदुखी आणि काही दिवसांनी तळहात व तळपाय यांच्यापर्यंत पसरणारे पुरळ ही त्याची लक्षणे असतात. वेळीच ओळख पटली तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने तो आटोक्यात येतो. न पटली, तर मलेरिया, विषमज्वर, डेंग्यू अशा तपासण्यांच्या फेऱ्यांत रोग्याचे मोलाचे दिवस वाया जातात, आणि क्वचित प्राणावरही बेतते.

वस्तुतः बचावाचे उपाय खर्चिक नाहीत. गोचीड उडी मारत नाही. गवताच्या टोकाशी पुढचे पाय पसरून तो वाट पाहतो, श्वासाची व उबेची चाहूल लागताच जवळून जाणाऱ्याला चिकटतो आणि मग काख, जांघ, कमरपट्टा, कानामागची जागा असे आडोसे शोधीत वर सरकतो. म्हणून विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, कीटकरोधक मलम लावावे आणि घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी सर्वांग तपासावे, कारण पुष्कळशा रोगांचे जंतू शरीरात उतरण्यापूर्वी गोचीड काही तास चिकटून असावा लागतो. मेंढपाळाचे पांढरे धोतर या दृष्टीने मोठे उपकारक आहे, त्यावर हा काळसर तांबडा जीव चटकन नजरेस येतो. काळ्या घोंगडीत मात्र तो बेमालूम दडतो, तेव्हा ती खांद्यावर घेण्यापूर्वी उन्हात नीट झटकून पाहावी. चिकटलेल्या गोचिडाला विडीचा चटका देणे किंवा त्यावर रॉकेल ओतणे हा आपल्याकडचा जुना इलाज सर्वस्वी त्याज्य होय, कारण डिवचलेला गोचीड आपली लाळ जखमेत अधिकच सोडण्याचा संभव असतो. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला कातडीलगत धरून सावकाश, सरळ ओढावे व जागा साबणाने धुवावी. काढलेला गोचीड नखांवर चिरडण्यात आपल्या लोकांना एक प्रकारचे सूडाचे समाधान लाभते खरे, पण त्याच्या शरीरातील दूषित रक्त बोटांच्या भेगांतून आत जाऊ शकते. त्याला चिकटपट्टीत गुंडाळून टाकणे बरे.

पशुवैद्य जनावरावर गोचीड आहेत काय हे पाहिल्यावाचून त्याच्या तापाचे निदान करीत नाही. त्याच जनावराच्या धन्याला ताप आला असता मात्र हा साधा प्रश्न त्याला विचारला जाईलच, याची शाश्वती नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील केसपेपरवर ‘गवतात, जनावरांत किंवा कुत्र्यांत वावर आहे काय, गोचीड चिकटला होता काय’ एवढा एक रकाना वाढविण्यास कोणत्याही नव्या मंजुरीची किंवा अंदाजपत्रकातील तरतुदीची आवश्यकता पडू नये. जिल्हा परिषदेच्या अमलाखाली पशुसंवर्धन व आरोग्य ही दोन्ही खाती नांदतात. तेव्हा पावसाळ्यानंतर जनावरांच्या गोचीड निर्मूलनासाठी जी शिबिरे वस्त्यावस्त्यांवर भरतात, त्यांत पशुवैद्याबरोबर एक आरोग्यसेवकही धाडावा, आणि प्रत्येक मेंढवाड्यास एकेक चिमटा देऊन तो कसा धरावा हे त्याने प्रत्यक्ष करून दाखवावे, अशी तजवीज येत्या हंगामापासूनच व्हावी.