पेंटबॉलची गोळी कशाची?



गेल्या दोन महिन्यांत मला एकच प्रश्न चार जणींनी विचारला. "काकू, मुलं पेंटबॉल खेळायला जातात म्हणतात. बंदुकीचा खेळ आहे. आपल्या घरातल्या मुलांना पाठवावं का?" प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. खेळाला माझी हरकत नाही, गोळीला आहे. आणि गोळीबद्दल आपण कोणीच विचारत नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हवेच्या दाबावर चालणारी बंदूक असते, खेळणारे तिला 'मार्कर' म्हणतात. त्यातून रंग भरलेली, बोराएवढी गोळी सुटते. ती अंगावर फुटली आणि रुपयाच्या नाण्याएवढा डाग पडला की गडी बाद. न फुटता आपटून खाली पडली तर बाद नाही. स्पर्धेत बहुधा पाच-पाच जणांचे संघ असतात. मैदानात हवा भरलेले मोठे आडोसे ठेवतात, त्यांच्यामागे लपत लपत पुढे सरकायचं आणि झेंडा गाठायचा.

हा खेळ सुरू कसा झाला ते ऐका. झाडांवर आणि गुराढोरांवर लांबून खूण करता यावी म्हणून अमेरिकेतल्या नेल्सन नावाच्या रंगाच्या कंपनीने ही बंदूक विकायला काढली होती. शिकारीशी तिचा काही संबंध नव्हता. पुढे चार्ल्स गेन्स हा लेखक आणि हेज नोएल हा शेअर दलाल, या दोन मित्रांचा वाद झाला. जंगलात टिकेल कोण, गावात वाढलेला की शहरातला? तिसरा मित्र बॉब गर्न्सी याने नियम बसवले. 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या रानात 12 जण उतरले. चार ठिकाणी झेंडे ठेवले होते. अंगाला रंग न लागता चारही ठिकाणचे आपले झेंडे जो गोळा करील तो जिंकला.

जिंकला कोण? रिची व्हाइट नावाचा एक वनाधिकारी. त्याने पूर्ण खेळात एकही गोळी झाडली नाही. झाडांच्या आडून, पावलांचा आवाज न करता तो झेंडे घेत गेला. कोणाला तो दिसलाच नाही. मुलांना पेंटबॉलला पाठवायचंच असेल तर ही गोष्ट आधी सांगा. या खेळाचा पहिला विजेता गोळी न मारता जिंकला.

आता आमच्या इमारतीचं सांगते. इथे काशीमीऱ्याला मोकळी मैदानं कमी होत गेली आणि टर्फ वाढत गेले. मुलं तासाच्या हिशोबाने खेळतात. आमच्या सोसायटीतल्या कॉलेजच्या सहा जणांनी, त्यात दोन मुली, हिवाळ्यातल्या एका हौशी स्पर्धेसाठी नाव दिलं. पाच खेळणार, एक राखीव. महिनाभर संध्याकाळी पार्किंगमध्ये सराव. बंदुका नाहीत म्हणून हातात छत्र्या, आडोशाला पाण्याची पिंपं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. वॉचमनकाका वैतागले होते. शिट्टी वाजली की कोणी कुठे पळायचं, उजव्या बाजूने डोकावताना बंदूक उजव्या हातात आणि डावीकडून डोकावताना डाव्या हातात कशी घ्यायची, असा सगळा अभ्यास. समोरच्या संघाला कळू नये म्हणून आडोशांना त्यांनी घरातली नावं दिली होती: ओटा, कपाट, फ्रिज, माळा. "ओट्यामागे दोघं, माळ्यावर एक!" असा ओरडा झाला की आम्ही बायका खिडकीतून हसायचो.

पण हसण्यावारी नेऊ नये अशी एक गोष्ट त्यात निघाली. पेंटबॉलची गोळी म्हणजे औषधाची मऊ कॅपसूलच. आत रंग, बाहेर कवच. सुरुवातीला या गोळ्या तयार करून देणारी कंपनी औषधाच्या कॅपसूल बनवणारीच होती. आणि हे कवच बहुतेक करून जिलेटिनचं असतं. जिलेटिन कशापासून होतं हे तुम्हाला सांगायला नको. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून ते काढतात. आतला रंग निरुपद्रवी असतो, पाण्याने धुऊन जातो. प्रश्न कवचाचा आहे.

आपण काय करतो? डॉक्टरांनी कॅपसूल लिहून दिली तर केमिस्टला विचारतो, भाजीजन्य कवचाची आहे का. जेली, मार्शमॅलो घेताना पाकीट उलटसुलट करून हिरवा ठिपका शोधतो. खाण्याच्या वस्तूला ठिपका सक्तीचा आहे, खेळण्याच्या वस्तूला नाही. म्हणून ही गोळी आपल्या नजरेतून सुटते. मुलांनी मैदानाच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "खायची थोडीच आहे?" खरं आहे, खायची नाही. पण आपण चामड्याचा पट्टा मंदिरात घालून जात नाही, रेशीम सोडलेल्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. तोही काही खायचा प्रश्न नव्हता. मागणी कोणामुळे वाढते, हा प्रश्न होता. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, मला हिशोब असाच दिसतो. या गोळ्यांचं एक खोकं साधारण 2000 चं. एका गोळीचं वजन सुमारे 3 ग्रॅम, म्हणजे खोकं 6 किलोचं. त्यात कवचाचा भाग थोडा, पण एका स्पर्धेत किती खोकी संपतात ते मोजा. पोटात एकही कॅपसूल जाऊ न देणाऱ्या घरातला मुलगा एका सकाळी दोनशे कॅपसूल उडवून येतो.

हे कळल्यावर सहापैकी दोघांनी नाव मागे घेतलं. उरलेल्यांनी आयोजकांना विचारलं की रबराच्या, पुन्हा वापरता येणाऱ्या गोळ्या चालतील का. उत्तर आलं, नाही, रबराचा डाग पडत नाही, मग पंच ठरवणार कसं? पैसे भरलेले, महिनाभराचा सराव झालेला. एक मित्र बोरिवलीहून आला, पाच पूर्ण झाले आणि ते खेळले. माघार घेतलेली दोन्ही मुलं रविवारी सगळ्यांचे डबे आणि पाणी घेऊन बरोबर गेली. मला या दोन्ही गटांबद्दल आदर आहे. जे थांबले ते गोळीबद्दल बरोबर होते. जे खेळले ते खेळाबद्दल बरोबर होते असं मी म्हणते, आणि का ते आता सांगते.

काही मैत्रिणी म्हणतील, गोळी बाजूला ठेवा, माणसाने माणसावर नेम धरायचा हीच हिंसा नाही का? त्या मला यशोधर राजाची गोष्ट सांगतील, आणि ती गोष्ट विसरण्यासारखी नाहीच. आईच्या आग्रहाखातर राजाने खरा जीव न मारता पिठाचा कोंबडा देवीपुढे कापला, आणि त्या एका संकल्पापायी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत फिरावं लागलं. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात 'यशस्तिलक' लिहिलं ते याच कथेवर. जीव खोटा असला तरी भाव खरा होता. भावहिंसा आपल्या धर्मात लहान मानलेली नाही.

मग पेंटबॉलमधला भाव कोणता? माझं म्हणणं, तो खेळ पाहिल्याशिवाय ठरवू नये. यशोधराच्या मनात बळी देण्याचा संकल्प होता. या मुलांच्या मनात समोरच्याला मैदानाबाहेर काढण्याचा होता, कबड्डीत असतो तसा. आपण सोंगट्या 'मारतो', बुद्धिबळात घोडा 'मारतो', पतंग 'कापतो', आणि त्यात कोणाला हिंसा दिसत नाही. उलट पतंगाचा नायलॉन मांजा खरोखर पक्ष्यांचे पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर जखमी पक्षी येतातच. बंदूक दिसली की आपण दचकतो आणि दोरा दिसला की निर्धास्त राहतो, हे काही बरोबर नाही.

आणि आपल्या परंपरेत स्पर्धेला जागा नाही असंही नाही. भरत आणि बाहुबली यांच्या सेना समोरासमोर आल्या तेव्हा मंत्र्यांनी काय सुचवलं? सैन्याचा संहार नको, दोघा भावांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावं. रक्त न सांडता हारजीत ठरवण्याची ही रीत आपण दरवर्षी प्रवचनात ऐकतो.

त्या रविवारी घोडबंदर रस्त्याकडच्या मैदानावर जाळीमागे खुर्ची टाकून मीही बसले होते. दुसऱ्या सामन्यात आमच्या शेजारची मुलगी, मला आजी म्हणते, ती 'फ्रिज'च्या मागे होती. गोळी तिच्या बुटाच्या टाचेवर फुटली. पंचाची पाठ होती, समोरच्या संघालाही कळलं नाही. तिने हात वर केला आणि चालत बाहेर आली. सामना तिथेच फिरला, आमचा संघ बाद झाला. मुलांची चिडचिड झाली, एक जण म्हणालाही, "थोडा वेळ थांबली असतीस तर?" ती म्हणाली, "रंग लागला होता ना." बस, एवढंच.

या खेळाचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. लागलेला डाग गुपचूप पुसणं हा त्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. मोठ्या स्पर्धांत पुसताना सापडला तर त्याच्याबरोबर त्याच्या साथीदारांनाही मैदानाबाहेर काढतात. पंच सगळीकडे पाहू शकत नाही, म्हणून स्वतःचा डाग स्वतः दाखवायचा. सत्य आणि अचौर्य आपण पाठशाळेत शिकवतो. ही मुलगी ते हरण्याची किंमत मोजून करत होती. जिथे डाग दाखवल्याने नुकसान होतं अशा जागा आपल्या मुलांना किती मिळतात, सांगा बरं?

तेव्हा सरसकट "नाही" म्हणू नका, आणि "खेळच आहे" म्हणून डोळेही मिटू नका. मी आमच्या इमारतीत जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

पहिलं, नाव देण्याआधी आयोजकाला लेखी विचारा, गोळीचं कवच कशाचं आहे. जिलेटिन असेल तर नको. रबरी गोळ्यांचा सामना किंवा प्रकाशकिरणांचा लेझर टॅग मागा. पाच-सहा सोसायट्यांनी मिळून मागितलं तर आणून देणारे भेटतील. गिऱ्हाईक आपण आहोत. हॉटेलात जैन थाळी आपण मागितली म्हणूनच आली ना?

दुसरं, मार्कर घरी विकत आणू नका. तिथे भाड्याने घ्यावा आणि तिथेच ठेवून यावा. अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान सांगितलं आहे ते उगाच नाही. घरात पडलेली बंदूक गल्लीतल्या कुत्र्यावर, कबुतरावर वळायला वेळ लागत नाही.

तिसरं, चातुर्मासात मातीच्या, गवताच्या मैदानावर नकोच. आपल्या बाजूला तर राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. पावसात जमीन जीवांनी भरलेली असते.

चौथं, गोळ्यांची मर्यादा आधीच ठरवा, परिग्रहाची करतो तशी. पैसे गोळ्यांवर असतात, त्यामुळे बजेटही आटोक्यात राहतं. आमच्या मुलांनी नियम केला होता की नेम दिसल्याशिवाय गोळी नाही. 'किल' हा शब्दही काढून टाकला, 'बाद' म्हणायचं.

पाचवं, तोंडावरचा मास्क मैदानात क्षणभरही काढायचा नाही. गोळी सेकंदाला सुमारे 90 मीटर वेगाने येते. अंगावर काळानिळा डाग पडतो तो चार दिवसांत जातो, डोळ्याला लागली तर डोळा जाऊ शकतो.

आणि सहावं आपल्यासाठी. सामने लांबतात, सूर्यास्त कधी झाला ते कळत नाही. दशम्या, दाण्याची चटणी आणि गूळपापडी असा डबा बरोबर द्या आणि पाच वाजता खायला लावा. आमच्या हरलेल्या संघाचा डबा इतर दोन संघांनी संपवला.

पुढच्या हिवाळ्यासाठी आमच्या मुलांनी तीन सोसायट्यांना पत्र दिलंय, रबरी गोळ्यांचा सामना आपणच भरवायचा म्हणून. थांबलेली दोन्ही मुलं आता संघात परत आली आहेत. तुमच्याकडची मुलं यायची असतील तर कळवा. आयोजकाला विचारायचा प्रश्न मात्र आजपासूनच विचारायला लागा.