ऑपरेशन फुकट, पुढचं आयुष्य उधारीवर

"पाच लाखांपर्यंतचा इलाज फुकट केलाय, आता अजून सरकारने काय करायचं?" परवा एका कार्यक्रमात व्यासपीठावरून हे वाक्य आलं. टाळ्याही पडल्या. विषय मणका मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसांचा होता, म्हणून हे उत्तर लिहितोय. थोडं लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या भागात मणके कुणाचे मोडतात? आंबे उतरवताना फांदीवरून पडणाऱ्याचे. विहिरीच्या कामावरच्या मजुराचे. घरावरचा पत्रा बदलताना घसरलेल्याचे. बांधकामाच्या परांचीवरून आणि खड्ड्यात आदळलेल्या मोटारसायकलवरून पडणाऱ्याचे. बहुतेक सगळी कमावती पोरं. मज्जारज्जूला जबर इजा झाली की कमरेखालचं अंग जातं. पाय गेले हे सगळ्यांना दिसतं. लघवी-संडासवरचा ताबा गेला, कातडीची जाणीव गेली, हे कुणी बोलत नाही. आणि खरा खर्च तिथेच सुरू होतो.

आता साधा हिशोब करू. लघवी तुंबली की किडनीवर येतं. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून ती काढावी लागते. एक नळी 30 रुपयांची धरा, दिवसाला पाच धरा. रोजचे 150, महिन्याचे 4500. हे फक्त नळ्यांचे. डायपर, औषधं, ड्रेसिंग, एअर बेड, फिजिओथेरपी, तपासणीला जायचं गाडीभाडं, हे सगळं वेगळंच. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. ते कोण करणार? आई किंवा बायको. म्हणजे घरातली दुसरी मजुरीही बुडाली. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

सरकार काय देतं? महात्मा फुले योजना चांगलीच आहे, ऑपरेशनला तिचा आधार मोठा आहे, यात वादच नाही. पण तिचं सगळं गणित दवाखान्यात दाखल होण्याभोवती फिरतं. आयुष्मान भारतच्या नियमात डिस्चार्जनंतरचे 15 दिवस धरलेत. सोळाव्या दिवशी हा माणूस उठून चालायला लागतो, असं कुणाला वाटतं काय?

संजय गांधी निराधारचे दिव्यांगांना 1500 मिळायचे, 2025 मध्ये 2500 केले. म्हणजे नळ्यांचेही भागत नाहीत. मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन अवयव निकामी झाले तर दोन लाख आहेत, पण एकदाच. मग घरात एकच नळी धुऊन, उकळून पुन्हापुन्हा वापरतात. इन्फेक्शन होतं, ताप येतो, पुन्हा ॲडमिट. बेडसोर हाडापर्यंत जातो, पुन्हा ॲडमिट. गंमत बघा, किडनी वाचवणाऱ्या नळीला योजनेत पैसा नाही, पण किडनी गेल्यावर डायलिसिस योजनेत बसतं. याला काटकसर म्हणायचं का?

"मग वाटप शिबिरं होतात की!" होतात ना. फोटोही येतात. पण एकाच मापाची खुर्ची, खाली गादी नाही. ज्याला बुडाखालची जाणीवच नाही, त्याला अशा खुर्चीत तासन् तास बसवलं तर जखम होणारच.

"हे आपल्याला परवडत नाही" असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या खडकीला जाऊन यावं. सैनिकांसाठीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र तिथे कित्येक वर्षं चालू आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात मणक्यात गोळी बसून जायबंदी झाले आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. 'चंदू चॅम्पियन' बघून आपण शिट्ट्या मारल्या. जिद्द त्यांची होतीच, पण मागे फौजेचे दवाखाने होते. आंब्यावरून पडलेल्या पोराच्या मागे कोण आहे?

आणि मी भीक मागायला सांगत नाहीये. दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 25 वाचा. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्याला जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा द्यायची, असं त्यात लिहिलंय. कलम 24 मध्ये साधनं आणि औषधं आहेत, कलम 27 मध्ये पुनर्वसन. राज्यात दिव्यांग कल्याण विभागही वेगळा आहे. ग्रामपंचायत, नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, हा नियम आहे. ते पैसे कुठं मुरतात?

मागण्या साध्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातून दरमहा नळ्या, युरिन बॅग, ड्रेसिंग घरपोच द्या. जिल्हा रुग्णालयात पुनर्वसनाचे बेड ठेवा आणि डिस्चार्जआधी घरच्यांना नळी घालायला, कूस बदलायला शिकवा. प्रमाणपत्रासाठी झोपलेल्या माणसाला जीपमध्ये घालून आणायला लावू नका, डॉक्टरला त्याच्या घरी पाठवा.

मंडळी, लाईक करून पुढे जाऊ नका. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि एवढंच विचारा: आपल्या गावात असे किती जण आहेत, आणि 5 टक्क्यांतला किती रुपया त्यांच्यापर्यंत पोचला? उत्तर लेखी मागा. नाही दिलं तर माहितीचा अधिकार आहेच. अर्ज कसा करायचा कळत नसेल तर मला मेसेज करा, मी लिहून देतो. आलेली उत्तरं इथेच, गावाच्या नावासकट टाकणार आहे.