रात्री अडीचचं बुलेटिन

नवरात्रात ताई रात्री उठतेच. घटाजवळचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही, म्हणून दोन-अडीचला तेल घालायचं. २०२४ च्या नवरात्रात तिच्या जोडीला मीही उठत होतो. मला बुलेटिन बघायचं असायचं.

ताईची मुलगी फ्लोरिडात, टॅम्पाला असते. मायामीचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र दर सहा तासांनी वादळाची खबर देतं. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपले रात्रीचे अडीच. मग साडेआठ, पुन्हा अडीच, पुन्हा साडेआठ. अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्याव्यात तसं आम्ही ‘मिल्टन’ घेत होतो.

५ ऑक्टोबरला त्याचं बारसं झालं, ६ तारखेला ते हरिकेन झालं आणि त्यानंतर पुरते चोवीस तासही गेले नाहीत तोवर पाचव्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीत जाऊन बसलं. मेक्सिकोच्या आखाताचं पाणी त्या वर्षी भलतंच तापलेलं होतं. वारा ताशी १८० मैल, म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटर. केंद्रातला हवेचा दाब ९०० मिलिबारच्याही खाली. हे आकडे घरबसल्या ठरवलेले नसतात. विमानं थेट वादळाच्या डोळ्यात शिरतात आणि पॅराशूट लावलेली नळकांडी खाली सोडतात. समुद्रात पडेपर्यंत ती दाब, वारा, दमटपणा कळवत राहतात. दहा तासांत दाब पन्नास मिलिबारनं उतरला हे सांगताना जॉन मोरालेस या मुरलेल्या हवामानतज्ज्ञाचा टीव्हीवर गळा दाटून आला. ते पाहिल्यावर ताईनं मला आकडे विचारायचं बंद केलं.

नकाशावर तो पांढरा शंकू असतो. शंकू म्हणजे वादळाची रुंदी, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तसं नाही. वादळाचं केंद्र कुठून कुठे जाईल एवढंच तो दाखवतो, आणि तो किती रुंद काढायचा हे मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले त्यावरून ठरतं. आपल्या चुका मोजून त्या नकाशावर छापणारी माणसं! आपल्याकडच्या ज्योतिषांनी पत्रिकेशेजारी असा एक शंकू काढून द्यायला हरकत नाही.

भाचीचं घर ‘सी’ झोनमध्ये. ‘ए’ आणि ‘बी’ला सक्तीनं बाहेर काढलं होतं. निघावं तर रस्ते तुंबलेले, पंपांवर पेट्रोल नाही. दोन आठवड्यांपूर्वीच्या हेलीन वादळानं भिजवलेले सोफे, गाद्या, फर्निचर अजून लोकांच्या दारांत ढिगानं पडलेलं. तेच आता वाऱ्यावर उडून कुणाच्या खिडकीत घुसेल ही नवी भीती. तिनं बाथटब पाण्यानं भरून ठेवला आणि फोन केला, “मामा, आईला सांग, श्रेणी कमी होतेय.” ते खरं होतं. पण किनाऱ्याकडे येताना जोर उतरत गेला तसं वादळ अंगानं पसरत गेलं, हे मी ताईला सांगितलं नाही.

९ तारखेच्या रात्री रतन टाटा गेल्याची बातमी आली. सगळ्या चॅनेलांवर तेच. आम्ही टीव्हीचा आवाज बंद करून फोन हातात घेऊन बसलो. अडीचचं बुलेटिन आलं. रेषा टॅम्पाच्या खाली, दक्षिणेला. मी म्हटलं, “ताई, बहुतेक वाचतो आपण.”

ताई तेल घालत होती. म्हणाली, “खाली कोण राहतं?”

तिचं सासर श्रीवर्धनजवळ. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं, तेव्हा आधीचे दोन दिवस सगळ्यांच्या तोंडी मुंबईच होती. दुपारी ते रायगडात उतरलं आणि संध्याकाळपर्यंत मुंबई वाचल्याची बातमी सगळीकडे झाली. ताईच्या दिरांचा फोन मात्र पुढे कितीतरी दिवस लागला नाही. लागला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “वाडीतून आता समुद्र दिसतो.” मध्ये सुपारी उभी राहिली नव्हती.

नकाशा तोच आहे. पश्चिमेला समुद्र, वर मोठं शहर, खाली लहान गावं. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे केंद्राच्या वरच्या गावाला वारा जमिनीकडून समुद्राकडे आणि खालच्याला समुद्राकडून जमिनीकडे. आपल्याकडच्या सकाळी सहा वाजता मिल्टन सिएस्टा की या बेटावर चढलं, टॅम्पाच्या दक्षिणेला शंभर किलोमीटरच्या आत. टॅम्पाच्या खाडीतलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं, तळाचा चिखल दिसू लागला. खाली व्हेनिसकडे मात्र समुद्र आत आला. आणि सहा माणसं मेली ती तिसरीकडेच, पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट लुसी परगण्यात, निवृत्त लोकांच्या एका वस्तीत. वादळ किनाऱ्याला लागण्याच्या काही तास आधीच त्याच्या बाहेरच्या पट्ट्यांतून भोवरे सुटले होते. सगळ्यांचं लक्ष पश्चिमेकडे होतं. माझंही.

साडेआठच्या बुलेटिनच्या आधीच भाचीचा मेसेज आला: वीज नाही, कुंपण पडलं, आम्ही ठीक. मी मोठ्यानं वाचला. ताईनं हात जोडले, दिव्याची वात जरा पुढे सारली.

“ते सिएस्टा का काय म्हणालास,” ती म्हणाली, “तिथे तिच्या ऑफिसातलं कुणी राहतं का, विचार बरं.”