माउस कोणाच्या हातासाठी?

संगणक घेताना ग्राहक प्रोसेसरची, मेमरीची, हार्ड डिस्कची बारकाईने चौकशी करतो. माउसविषयी सहसा कोणी विचारीत नाही. तो संचासोबत येतो आणि बिघडला की त्याच भावाचा दुसरा आणला जातो. कार्यालयांत तर एकाच मागणीपत्रावर एकाच नमुन्याचे शंभर माउस येतात. वास्तविक संपूर्ण संचात ज्या वस्तूवर माणसाचा हात दिवसभर असतो, ती हीच. तिच्या निवडीत हाताचाच विचार होऊ नये, हे चमत्कारिक आहे.

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात घडविलेला पहिला माउस लाकडी होता. तळाशी दोन चाके आणि वर एकच बटण. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. गोळी काढून आतील रुळांवरचा मळ नखाने खरवडणे, हा बँकांतील जुन्या कर्मचाऱ्यांच्या परिचयाचा उद्योग! प्रकाशकीय माउसने त्यातून सुटका केली, परंतु आपल्याकडील टेबलावरच्या काचेने त्याची कोंडी केली. हा माउस तळाच्या सूक्ष्म कॅमेऱ्याने पृष्ठभागाची सतत छायाचित्रे घेऊन हालचाल ओळखतो. स्वच्छ काचेवर त्याला काहीच दिसत नाही. काचेवर चालणारे महाग माउस मिळतात खरे, पण साधा पॅड तेच काम करतो.

खोक्यावर ठळक छापलेल्या डीपीआयच्या आकड्याला मात्र भुलू नये. हात एक इंच सरकला असता माउस किती टप्पे मोजतो, एवढेच तो सांगतो. ८०० डीपीआयचा माउस सुमारे अडीच इंच सरकविला, की १९२० बिंदूंच्या रुंदीचा पडदा पार होतो. खातेवही पाहणाऱ्यास याहून अधिक काय हवे? दहा-पंधरा हजारांचे आकडे खेळाडूंना आकर्षित करण्यासाठी असतात.

खरी कसोटी आकाराची. तळवा माउसवर सहज टेकावा, बोटे न आखडता बटणांवर पोहोचावीत आणि मनगट सरळ राहावे. प्रवासासाठी केलेला चिमुकला माउस आठ तासांच्या कामास योग्य नव्हे. हस्तांदोलनाच्या स्थितीत धरावयाचा उभा माउस हाताची पिळवट कमी करतो. मात्र त्याची सवय होण्यास काही दिवस द्यावे लागतात.

रोखपालाचे काम याहून वेगळे. त्याचा उजवा हात कीबोर्डच्या उजवीकडील अंकांवर असतो आणि माउस त्याही पलीकडे, त्यामुळे खांदा वारंवार ताणला जातो. दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा माउस घेऊन तो डावीकडे ठेवला, तर हा ताण टळतो. बटणांची अदलाबदल विंडोजच्या सेटिंगमध्ये क्षणात होते. डावखुऱ्या सहकाऱ्यासही उजव्या हातासाठी वळण दिलेला माउस देणे हा निव्वळ आळस होय. पाळीपाळीने एकच संगणक वापरला जातो, तेथे तर असा समाकृती माउसच इष्ट.

बिनतारी माउस टेबल मोकळे करतो, हे मान्य. परंतु २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की अनेक बिनतारी माउसच्या यूएसबी रिसीव्हरद्वारे काही अंतरावरून संगणकात परस्पर अक्षरे टंकित करता येतात. उत्पादकांनी काही माउससाठी दुरुस्त्या काढल्या. तरीही जेथे इतरांचे पैसे हाताळले जातात, तेथे तारेचा माउसच असावा. ती तार अडगळ वाटली तरी सोसावी. घरी पत्रे लिहिणाऱ्यास हा निर्बंध नाही.

घरच्या संगणकावर नेट बँकिंग करणाऱ्या ज्येष्ठांची अडचण पुष्कळदा माउसची नसून त्याच्या वेगाची असते. बाण पळतो, हात थरथरतो आणि बटण निसटते. सेटिंगमध्ये बाणाचा वेग कमी करून त्याचा आकार वाढविल्यास एक पैसाही न खर्चता काम सुकर होते. एवढे करूनही जमले नाही, तर माउस न हलविता केवळ गोळा फिरवावयाचा ट्रॅकबॉल वापरून पाहावा.

जुना माउस कधी टाकावा, याविषयी मात्र काटकसर नको. बटणाखालील स्विच झिजला, की एकदा दाबलेले बटण दोनदा दाबल्याची नोंद होऊ लागते. फाइल नुसती निवडावयास जावे, तर ती उघडते. पैसे पाठविण्याच्या पडद्यावर असा माउस क्षणभरही ठेवू नये. दुरुस्तीची वाट न पाहता त्याच दिवशी तो बदलावा.